पुढच्या झाकणाचे अकरा बोल्ट

मित्रांनो, माझा रंग आजवर तीनदा बदलला आहे, तेव्हा माझ्या वयाचा अंदाज तुम्हीच करा. मी एक जुनी गाडी आहे, नऊ माणसांची, डिझेलवर चालणारी. रायपूरला रेल्वे वसाहतीच्या मागे, नत्थू काकांच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या माणसांची नावे मला माहीत नाहीत, पण ज्या हातांनी माझे बोल्ट पहिल्यांदा आवळले त्यांचे उपकार मी मानते. पहिली आठ वर्षे मी एका ठेकेदाराकडे होते. तेव्हा शहराबाहेर, तेलीबांधा तलावाच्या पुढे नवे रायपूर वसत होते. जमीन मोजणाऱ्या साहेबांना मी लाल मुरमाच्या वाटांनी नेत असे आणि चिखलात अडकत नाही म्हणून माझे कौतुक होई. पुढे रस्ते गुळगुळीत झाले, नव्या गाड्या आल्या, आणि मला एका कुंपणाशी उभे केले. दोन पावसाळे मी तिथे काढले. माझ्या पोटाखाली एका कुत्रीने पिल्ले घातली होती, तेवढीच सोबत.

तिथून मला नत्थू काकांनी आणले. ते रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी माझा गंज घासला, मला नवे टायर घातले. तेव्हापासून मी शाळेची मुले नेते-आणते.

पण वर्षातून एकदा माझे काम वेगळे असते. अशोक विजयादशमीला पहाटे आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, म्हातारी माणसे पांढरे कपडे घालून माझ्यात बसतात आणि मी त्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर नेते. त्यांत पुढच्या खिडकीची जागा मीराबाईंची. मीराबाई म्हणजे नत्थू काकांच्या पत्नी. पहिल्यांदा त्या वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेल्या होत्या आणि त्यानंतर एकही वर्ष चुकल्या नाहीत. आता त्यांचे गुडघे गेले आहेत. त्या दिवसाच्या रेल्वेच्या गर्दीत त्यांना पाय ठेवता येत नाही. मी असले तरच त्यांचे जाणे होते.

गेल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. नागपूरला पोहोचल्यावर मीराबाई माझ्या पुढच्या चाकाशी, सावलीत भाकरी खायला बसल्या. उठल्या तेव्हा पांढऱ्या लुगड्यावर काळा डाग होता. तो माझ्या तेलाचा होता. त्यांनी पदर डागावरून घेतला आणि कुणाला काही सांगितले नाही. तो डाग पुढे कशानेच निघाला नाही.

मित्रांनो, इंजिनच्या तोंडावर एक झाकण असते. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये कागदासारखे पातळ गॅस्केट असते. तेच तेलाला आत धरून ठेवते. माझे गॅस्केट सुकून चिरले होते. या वर्षी तर थेंबाची धार झाली.

सणाला चार दिवस उरले असताना नत्थू काकांनी हिरालाल मिस्त्रीला बोलावले. हिरालाल भला माणूस, पण घाईचा. वाकून पाहिले न पाहिले, आणि म्हणाला, "इंजन उतारना पडेगा, काका. पंधरा दिन."

मीराबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग एवढेच म्हणाल्या, "राहू द्या. औंदा घरीच वंदना घेऊ."

तेव्हा चेतना पुढे आली. ती काका-काकूंची मुलगी. एका मोठ्या कारखान्यात मशीन दुरुस्तीचे काम करते, सणासाठी सुट्टी घेऊन आली होती. तिने जमिनीवर पाठ टेकून माझ्याखाली अर्धा तास काढला. बाहेर आली तेव्हा कपाळावर तेल होते.

"बाबा, इंजन नाही उतरवायचं. समोरून जागा होते. रेडिएटर काढला की हात पुरतो."

"हात तुहा पुरते, पोरी. माहे डोळे नाई पुरत आता."

"डोळे माझे, अक्कल तुमची," चेतना म्हणाली, आणि काका हसले.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. पाणी काढले, रेडिएटर काढला, पंखा आणि पट्टा काढला. पट्टा फिरवणारी पुढची पुली काही केल्या निघेना, तेव्हा नको म्हणणाऱ्या हिरालालनेच आपला पुलर, म्हणजे पुली ओढून काढायचे अवजार, आणून दिला. इंजिनचा पुढचा आधार सोडायचा होता. म्हणून काकांनी जॅकवर रुळांखालच्या जुन्या स्लीपरचा लाकडी तुकडा ठेवून माझे तोंड अलगद उचलून धरले. मला जागचे हलवलेसुद्धा नाही.

झाकणाचे अकरा बोल्ट होते, कुठे लांब, कुठे आखूड. काकांची कारखान्यातली रीत अशी की खोक्याच्या पुठ्ठ्यावर झाकणाचे चित्र काढायचे आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो पुठ्ठ्यात खोचायचा. तसे खोचून ते दोघे गॅस्केट आणायला गेले.

इकडे मीराबाईंची सणाची साफसफाई चालली होती. भिंती पुसून झाल्या, भांडी घासून झाली, आणि तो तेलकट पुठ्ठा त्यांच्या नजरेला पडला. त्यांनी अकराही बोल्ट रॉकेलमध्ये चकचकीत धुतले, डब्यात भरले, आणि पुठ्ठा चुलीत घातला.

काका आणि चेतना परत आले. डबा पाहून काका खाली बसले.

"काहून धुतले?"

"मले वाटलं, नव्या कागदाले जुना मळ काहून लावता."

काका रागावले नाहीत, पण त्यांचा आवाज उतरला. "लांब बोल्ट आखूड भोकात गेला तं इंजन फुटते, मीरा."

झाकण काढण्याआधी चेतनाने मोबाईलवर त्याचा फोटो घेतला होता, तो तिने पाहिला. फोटोत बोल्टांची डोकी दिसत होती, लांबी नाही. काकांना सहा जागा आठवल्या, बाकीच्या आठवेनात. मीराबाई आत गेल्या. आपले जाणे आपल्याच हातांनी बुडवले, हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होते.

थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. हातात गोधडी शिवायची मोठी सुई होती.

"चेतना, थे झाकण सगळीकडे सारखंच जाड आहे का?"

"नाही, आई. कुठं जाड, कुठं पातळ."

"गोधडी बी तशीच राहते. जाड जागी सुई लांब लागते, पातळ जागी आखूड. पण पल्याड टोक सारखंच निंघाले पाहिजे. बोल्ट झाकणात घालून पाह्य ना, मागून किती निंघते."

काकांनी बोल्टांचा डबा चेतनाकडे सरकवला. मग चेतनाने झाकण मांडीवर घेतले. आधी काकांना आठवणारे सहा बोल्ट घातले. सहाही मागून अर्ध्या पेराएवढे निघाले. मग उरलेले एकेक करून पाहिले. चुकीच्या जागी टोक दुप्पट निघे किंवा दिसतच नसे. तासाभरात अकराही बोल्ट आपापल्या घरी गेले.

"चाळीस वर्षं फिटर होतो मी," काका म्हणाले, "अन् हे मले कोणी नाई शिकवलं."

"तुम्ही गोधडी कधी शिवली?" मीराबाई म्हणाल्या.

नवे गॅस्केट बसले. बोल्ट चेतनाने हलक्या हाताने, समोरासमोरचे पाळीपाळीने आवळले. गॅस्केटला लावलेला लेप सुकायला एक दिवस थांबले. मग पुली, पंखा, रेडिएटर सगळे परत जोडून मला सुरू केले, आणि मीराबाईंनी गेल्या वर्षीचे ते डागाळलेले लुगडे फाडून त्यातला पांढरा तुकडा माझ्याखाली अंथरला. सणाच्या पहाटे तो त्यांनी उचलला आणि दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला. तुकडा कोरा होता. तेव्हा कुठे त्या नवे लुगडे नेसायला गेल्या.

निघताना हिरालाल पुलर न्यायला आला. माझ्याखाली वाकला, या वेळी नीट वाकला, आणि चेतनाला म्हणाला, "मोला घलो सिखा देबे, बहिनी." मलाही शिकव, बहिणी. चेतनाने आईकडे बोट दाखवले.

नागपूरला पोहोचल्यावर मीराबाई पुन्हा माझ्याच चाकाशी येऊन बसल्या. खाली कागद घेतला नाही, जागा पाहिली नाही. पांढऱ्या लुगड्यानिशी बसल्या आणि भाकरीची पुरचुंडी सोडली. मित्रांनो, माझे आजवर पुष्कळ कौतुक झाले, पण असा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घरच्या गाडीखाली तेलाचा थेंब दिसला तर तो पायाने पुसून पुढे जाऊ नका, मोठ्यांना दाखवा. कुणी म्हणाले की सगळेच काढावे लागेल, तर आधी समोरून हात पुरतो का ते पाहा. आणि तुमच्या घरात कुणी मायेने बोल्ट धुऊन ठेवले, तर रागावण्याआधी थोडे थांबा. कदाचित तेच माणूस हातात सुई घेऊन बाहेर येईल.