रेवाबाईंच्या खुब्याचा फोटो

आई गेल्यापासून कामिनी कामावर जाताना बापूंना बरोबर नेऊ लागली होती. नंदुरबारच्या एका छोट्या कंपनीत ती सर्व्हर दुरुस्तीचं काम करायची आणि बँक, शाळा, दवाखाना, जिथून बोलावणं येईल तिथे जायची. तिचे बापू शांतीलालभाई यांनी तापीकाठच्या गावात सगळी हयात केळी आणि कापूस करण्यात घालवली होती. कामिनीच्या आईला, मंगलाबाईंना, सुरतच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा ते तिथेच व्हरांड्यात झोपत. एकटे परत आले ते ओट्यावरच बसून राहिले. शेताचं काम त्यांच्या धाकट्या भावाने सांभाळलं. सुरतचं नाव निघालं की बापू उठून आत जायचे.

शेवटी कामिनीने एक खोटं सांगितलं. पिकअप मला एकटीला नीट चालवता येत नाही, तुम्ही चला. बापू चप्पल घालून निघाले, आणि मग तसंच सुरू राहिलं. ते गाडी चालवत, ती हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसे. रस्त्यात दोघं फारसं बोलत नसत.

त्या दिवशी विसरवाडीच्या पुढे, हायवेपासून थोडं आत असलेल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जायचं होतं. काम साधं होतं. तिथल्या सर्व्हरमध्ये डिस्क सांभाळणारं एक कार्ड असतं, त्या कार्डाची छोटी बॅटरी जुनी झाली होती आणि मशीन बरेच दिवस तशी सूचना देत होतं. बॅटरी बदलायची, नवी नीट भरते का ते तपासायचं आणि परत यायचं.

ते पोचले तेव्हा दवाखान्यात वीज नव्हती. फाट्यावरचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, जनरेटर दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला होता. एक्स-रे काढणारा दानियल गावित दारातच उभा होता, आणि त्याचा चेहरा पाहूनच कामिनीला कळलं की नुसती वीज गेल्याचं हे दुःख नाही.

त्याने सांगितलं ते असं. सकाळी डोंगरातल्या पाड्यावरून सुरुपसिंग नावाचे म्हातारबाबा बायकोला घेऊन आले होते. रेवाबाई मोहाच्या झाडाखाली घसरून पडल्या होत्या, खुब्यावर. जीपपर्यंत त्यांना झोळीत घालून आणलं. एक्स-रेच्या टेबलावर घेताना, कुशीवर वळवताना त्या फार कळवळल्या. फोटो निघाला, तिथून सर्व्हरकडे गेला, आणि त्याच क्षणी वीज गेली. यूपीएसने दमही धरला नाही. एक्स-रेचं मशीन जुनं. फोटो सर्व्हरने घेतला असं कळलं की ते स्वतःजवळची प्रत पुसून टाकतं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं की हाड मोडलं असेल तर सुरतला पाठवावंच लागेल, नुसता मार असेल तर इथेच पडून बरं होईल. फोटोशिवाय त्यांना सांगता येत नव्हतं. पण सुरुपसिंग हलायला तयार नव्हते. रेवाबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांनी तिची पावलं दोन्ही हातांत धरली होती. ते मावचीत, त्यांच्या डोंगरातल्या बोलीत, काहीतरी बोलले आणि दानियलने मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, पाहिजे तिथे नेतो, पण आधी खरं काय ते सांगा. आणि तिला पुन्हा त्या फळीवर घेऊ नका."

कामिनी सर्व्हरच्या खोलीत गेली. मोबाइलच्या उजेडात तिने झाकण काढलं. कार्डावर एक बारीकसा दिवा मिणमिणत होता. तो दिसताच तिने दानियलला हाक मारली.

दानियलला तिने समजावलं. आलेली गोष्ट हे कार्ड आधी आपल्या आठवणीत ठेवतं आणि मग डिस्कवर उतरवतं. मधेच वीज गेली तर ही छोटी बॅटरी ती आठवण जागी ठेवते. दिवा लागतोय म्हणजे काहीतरी उतरवायचं राहिलंय. बहुतेक फोटोच. पण बॅटरी म्हातारी झालीय, एका बाजूने फुगलीय, कधी मान टाकेल सांगता येत नाही. जी बॅटरी काढायला ती आली होती, तिला आता हातही लावायचा नव्हता.

"मग काय करायचं, ताई?"

"वीज पाहिजे. थोडा वेळ, पण आत्ता."

वायरमन संध्याकाळ म्हणत होता. दवाखान्यातला इन्व्हर्टर धड होता, पण त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. हे सगळं बोलणं दाराशी उभे असलेले बापू ऐकत होते, हे कामिनीच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मन्ही गाडीनी बॅटरी शे," ते अहिराणीत म्हणाले. "ती लावी देऊ."

ते गेलेसुद्धा. पान्याने पिकअपची बॅटरी सोडवून, छातीशी धरून ती आत आणली. मोटारीच्या पंपांशी झटापट करण्यात आयुष्य गेलेला माणूस. वायरी जोडताना त्यांचा हात अडखळला नाही. इन्व्हर्टर गुणगुणायला लागला. कामिनीने सर्व्हरचं बटण दाबलं.

मशीन जागं व्हायला वेळ लागतो. पंखे घरघरले, पडदा काळाच राहिला, मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकू लागल्या. कार्डाची पाळी आली तिथे मशीन थांबलं. दानियलने डोळे मिटून घेतले, त्याचे ओठ हलत होते. मग एक ओळ उमटली, की आठवणीत राहिलेलं सगळं डिस्कवर उतरलं आहे. कार्डावरचा दिवा विझला.

"आलं," कामिनी म्हणाली.

फोटो उघडला. खुब्याचं हाड सांध्याजवळ मोडलेलं होतं, कोणालाही दिसावं इतकं स्पष्ट. डॉक्टरीणबाईंनी सुरुपसिंगांना पडद्यासमोर बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं. ऑपरेशन झालं तर त्या काठी घेऊन चालतील, असं सांगितलं. म्हातारबाबांनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या त्या जागी हलकेच हात ठेवला, जणू ती जागा अजून दुखत असावी.

अँब्युलन्स बोलावली. तेव्हा नवीच अडचण निघाली. सुरुपसिंग नवापूरच्या पलीकडे कधी गेलेच नव्हते. मुलगा ऊसतोडीवर लांब होता, तो दोन दिवसांनी पोचणार. मोठ्या दवाखान्यात कुठे कागद करायचे, कोणाला विचारायचं, त्यांना काहीच माहीत नव्हतं. दानियलला दवाखाना सोडता येत नव्हता.

कामिनी सर्व्हर बंद करून जुनी बॅटरी काढत होती, तेवढ्यात बापू आत आले. गाडीची बॅटरी त्यांनी परत बसवली होती, हात अजून काळे होते.

"मी जास यासना संगे," ते म्हणाले. "माले तठला रस्ता मालूम शे."

कामिनी खाली बसली होती तशीच वर बघत राहिली. तो कसला रस्ता, त्या व्हरांड्यात काय आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बापू, तुमले जमी का?"

त्यांनी काळे हात फडक्याला पुसले. "तो माणूस एकटा बसी ऱ्हाई तठे," एवढंच म्हणाले. मग दाराशी जाऊन वळले. "आनी पिकअप तुले चालवता येस. माले पहिलापासून मालूम शे."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. अँब्युलन्सच्या मागच्या दारातून तिने पाहिलं, बापू सुरुपसिंगांच्या शेजारी बसले होते आणि अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या अहिराणीत त्यांना काहीतरी समजावत होते. म्हातारबाबांना किती कळत होतं कोण जाणे, पण ते मान हलवत होते.

वायरमनने सांगितल्याआधीच, दुपारी वीज आली. नवी बॅटरी भरत होती तोवर कामिनी दानियलच्या डब्यातली नागलीची भाकर खात तिथेच बसली. पडद्यावर बॅटरी ठीक असल्याची खूण दिसल्यावरच ती उठली.

बापूंचा फोन दिवे लागायच्या सुमारास आला, ती परतीच्या रस्त्यावर होती. रेवाबाईंना वॉर्डात घेतलं होतं, ऑपरेशन ठरलं होतं. सुरुपसिंग लिफ्टमध्ये चढायला घाबरले म्हणून दोघं जिना चढून गेले होते. कामिनीला वाटलं, आता फोन ठेवतील.

"तुझ्या आईला होतं तोच मजला," ते गुजरीत म्हणाले, आई असताना घरात बोलायचे त्या बोलीत. "तिला त्या कोपऱ्यातल्या खिडकीतून नदी दिसायची. मला रोज दाखवायची, आणि मी म्हणायचो, आपली तापीच आहे, त्यात काय बघायचं."

आईबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. कामिनीने पिकअप बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि ऐकत राहिली. दोन दिवसांनी सुरुपसिंगांचा मुलगा पोचला, तरी बापू लगेच निघाले नाहीत. रेवाबाईंना खाटेवर उठून बसलेलं पाहूनच ते घरी आले.

पुढच्या महिन्यात कामिनी नव्या बॅटरीच्या तपासणीला पुन्हा गेली. बॅटरी पूर्ण उतरवून परत भरून बघावी लागते, त्यात बराच वेळ जातो. बापू दवाखान्यापर्यंत आलेच नाहीत. पाड्याच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली, मागून केळीचा एक घड काढून खांद्यावर घेतला आणि संध्याकाळी मला इथूनच घे म्हणाले. डोंगराच्या वाटेवर सुरुपसिंग त्यांना न्यायला उतरून येत होते.