पदराची पिन

नवऱ्याचं नाव बायकांनी घेऊ नये म्हणतात. मी घेते. हौशीराम. आमच्या बैलाचा खांदा जोखडाने सुजला, तेव्हा या माणसाने बेल्ह्याचा बाजार बुडवून त्याच दिवशी गुरांचा डॉक्टर येडगावात आणला. दोन हजार तीन साली माझा उजवा खांदा धरला, त्याला पाच महिने झाले तरी म्हणत होता, "झोपेत अवघडला आसंल."

हात छातीच्या वर जाईना. माझी वेणी लेक घालून द्यायची, प्राची. ते मी सोसलं. पण मोठ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायची आमच्या घरची रीत, आणि तोच मला घेता येईना. डाव्या हाताने ओढला की घसरायचा. माझे चुलतसासरे, भगवंततात्या, एकदा घसरलेला पदर पाहून भरल्या ताटावरून उठले. "बायकू लई माजलीय तुजी," म्हणाले. मी खांद्याचं सांगत होते आणि हौशीराम म्हणत होता, "आदी पाया पड त्यांच्या." मी पडले. त्या वाकण्याचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने उपाय काढला. रोज सकाळी स्वतःच्या हाताने माझा पदर केसांना पिनेने टाचायचा. पिन लावायला वेळ होता, दवाखान्यात न्यायला नव्हता.

शेवटी प्राचीच मला एसटीने नारायणगावला घेऊन गेली. रक्तात साखर निघाली. त्यातूनही खांदा असा आखडतो, डॉक्टर म्हणाले. आधी साखर आटोक्यात आणली, मग सांध्यात इंजेक्शन दिलं. "यानं दुखणं कमी होईल. हात मोकळा होईल तो व्यायामानं." व्यायामाच्या बाईंनी भिंतीवर बोटं चढवायला आणि कप्पीवरून दोरी ओढायला शिकवलं.

घरात पाऊल ठेवते तोच हौशीराम म्हणाला, "सुई मारली ना? मंग घे पदर." म्हणजे खांद्याचं त्याला काहीच नव्हतं.

मी दाराच्या चौकटीला कप्पी बांधली. दोरी ओढायला लागले की ओसरीतून तात्या विचारायचे, "तालीम काढली काय रं घरात?" दोघं हसायचे. मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर ओढायचे. भिंतीवर बोटं पोचतील तिथे प्राची कोळशाने रेघ मारायची. साडेतीन महिन्यांनी रेघ माझ्या डोक्याच्या वर गेली. आम्ही मायलेकींनी ते घरात कुणाला कळू दिलं नाही.

एका सकाळी तात्या आले. हौशीरामने घाईघाईने पिन लावली. मी चहा घेऊन गेले.

"हात सुदारला का न्हाई?" तात्यांनी त्याला विचारलं. मी समोरच उभी होते.

"कुठला! नुसता दोरीचा ख्योळ चाललाय."

मी ट्रे खाली ठेवला. उजवा हात उचलला. छातीच्या वर, कानाच्या वर, थेट डोक्यामागे. खांदा ठणकला, पण हात गेला.

"आगं, आला की!" हौशीराम हरखला.

मी पिन काढली. पदर खांद्यावर पडला. तो तसाच राहू दिला आणि पिन त्याच्या तळहातावर ठेवली.

"पदर घे की," तो पुटपुटला. "तात्या बसल्यात."

"घेता येत न्हवता तवा पाया पडाया लावलंत," मी म्हणाले. "आता घेता येतोय. आता मी घेनार न्हाई."

तात्या चहा टाकून उठले. हौशीरामने माझ्याकडे पाहिलं. या खेपेला मी वाकले नाही.