सोमवारचा खोडलेला आकडा

मी भिंगारच्या बाबाजान चाचांची दुर्बीण. दोन नळ्यांची, काळी, एका बाजूला पोचा आलेली. आज मला कुणी गप्प बसवू नका, आनंद पोटात मावत नाहीये!

वीस वर्षं लष्करात डोंगर न्याहाळले. मग लिलावात निघाले आणि जुन्या बाजारात कुकरच्या शिट्ट्यांशेजारी येऊन पडले. येणारा-जाणारा मला उलटी धरायचा आणि खिदळायचा. असा राग यायचा म्हणून सांगू! बाबाजान घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांनी मला सुलटी धरली, काचा पुसल्या आणि घरी नेलं.

सावेडीत आकाशनिरीक्षणाचं मंडळ चालवणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी त्यांना एका कामात ओढलं. देशोदेशीची साधी माणसं तरुण ताऱ्यांचा उजेड रोज बघतात आणि कळवतात. आमच्या वाट्याला मृगाजवळचा एक तारा आला. वय काही लाख वर्षं, म्हणजे ताऱ्यांत तान्हाच! भोवतीची धूळ आड आली की तो मंदावतो. कधी मंदावेल, ते कुणालाच सांगता येत नाही. शेजारच्या दोन स्थिर ताऱ्यांशी ताडून आकडा द्यायचा. तारा मंद, तर आकडा मोठा.

दोन हिवाळे आम्ही संध्याकाळी गच्चीवर. आकडा आपला सात पॉईंट एकच्या आसपास.

या सोमवारी मात्र मी हादरलेच. तारा चक्क विझायला आलेला! बाबाजाननी वहीत लिहिलं, सात पॉईंट नऊ. मग थबकले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, हे डॉक्टरांनी नुकतंच सांगितलेलं. "डोळाच गेला आपला," असं पुटपुटले, आकड्यावर काट मारली आणि रविवारचाच सात पॉईंट एक पाठवून दिला. अहो, मी ओरडत होते, पण दुर्बिणीचं ऐकतंय कोण!

मंगळवारी त्यांनी मला लेकीच्या, आलियाच्या हातात दिलं. "घे बेटा. लोकांना चुकीचं कळवण्यापेक्षा बंद केलेलं बरं." मला इतकं वाईट वाटलं!

आलियानं वही न उघडता पाहिलं. आधीचा आकडा बघून पाहायचं नाही, असा नियमच आहे.

"अब्बू, आठ!"

"आठ? नीट बघ."

"नीटच बघितलं." मग तिनं वही उघडून खोडलेला सात पॉईंट नऊ बघितला. "आणि तुमचा डोळा चुकला असता, तर शेजारचे दोघंही मंद दिसले असते ना?"

बाबाजाननी लगेच राजेश्वरी मॅडमना फोन लावला. "मॅडम, सोमवारी माझ्याकडून खोटं लिहिलं गेलं. दिसलं एक, पाठवलं दुसरं."

"चाचा, खरा आकडा आहे का वहीत?"

"काट मारलीय, पण वाचता येतो."

"अहो, मग फोटो पाठवा लगेच! सोमवारी हा तारा बघणाऱ्या बाकी सगळ्यांकडे ढग होते. तारा मंदावताना फक्त तुम्हीच पाहिलाय!"

आज दुरुस्त नोंद लागली, चूक का झाली त्या कारणासकट. मोठ्या दुर्बिणींनीही तिकडे तोंड वळवलंय म्हणे. आणि मी, लिलावातली, नुसती मिरवतेय!

पुढच्या आठवड्यात चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन. "महिनाभर दुर्बीण बंद," असं डॉक्टर म्हणाले, तर चाचा उसळले, "तारा थांबणारे का महिनाभर?"

नाही थांबणार. म्हणून आलिया, ये गं लवकर, दिवस मावळला. मला खुंटीवरून काढ. आणि जे दिसेल तेच लिही.