वीरभद्रप्पांनी बुरूज विकला नाही

वीरभद्रप्पांची जीभ म्हणजे कात्री. चाटी गल्लीत चादरींचं दुकान चालवलं, पण कापडापेक्षा माणसंच जास्त कापली. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीत गड्ड्याच्या जत्रेला घर पाव्हण्यांनी भरलेलं होतं, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर पोटच्या लेकीलाच कापलं. "एवढं शिकली आणि करते काय, तर पोरांना खुळं करायचे खेळ लिहिते!" काव्या पुण्याला एका कंपनीत मोबाइलवरच्या खेळांच्या गोष्टी लिहायची. ती तशीच उठली. बॅग उचलून गेली, ती पुढच्या संक्रांतीलाही फिरकली नाही.

यंदा भोगीला येते म्हणाली. ही बातमी देता देताच गंगम्मांनी नवऱ्याला दम भरला. "या खेपेला तोंड उघडाल तर धड बोला. न्हायतर पोरगी हातची गेली म्हणून समजा."

आता धड बोलायचं म्हणजे काय? लेक नेमकं करते काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने कौतुक तरी कशाचं करावं! शेवटी वीरभद्रप्पा धाकट्या भावाच्या मुलीला, अक्षताला, शरण गेले. ती कॉलेजात शिकायची. त्यांना दोड्डप्पा, म्हणजे थोरले काका, म्हणायची आणि घरात एकटी तीच त्यांना भीत नव्हती.

"काव्याअक्काच्या 'राखणबुरूज'चे चार भाग आलेत, दोड्डप्पा. पाचवा यायचाय," ती म्हणाली. "मागची गोष्ट थोडक्यात सांगू का?"

"थोडक्यात नको. मला पहिल्यापासून पाहिजे."

मग काय, दुपारी गिऱ्हाईक पांगलं की वीरभद्रप्पा गादीवर मांडी घालून मोबाइलात डोकं घालायचे. खेळ समजायला सोपा. मधे तळं, काठाला गाव, गावाकडे येणारी एक वाट. त्या वाटेने काळोखाची माणसं झुंडीने यायची आणि ज्या घरात शिरतील तिथला दिवा विझायचा. आपण वाटेकडेला बुरूज बांधून त्यांना अडवायचं. पहिला बुरूज उभा राहिला. पायथ्याशी छोटी कमान, कमानीत पणती. वीरभद्रप्पांचा हात आपसूक कपाळाला गेला.

"अगं, ही तर गद्दुगी हाय की!" गद्दुगी म्हणजे थोरामोठ्यांच्या समाधीची जागा.

अक्षताची हसून हसून पुरेवाट झाली. "बुरूज हाय तो, दोड्डप्पा! आता तो विका आणि त्याच जागी मोठा बांधा. सगळे तसंच खेळतात."

"गद्दुगी विकू? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

संपलं! ब्रह्मदेव आला असता तरी त्यांनी बुरूज विकला नसता. जुने दुबळे बुरूज मोक्याच्या जागा धरून बसलेले, नव्यांना बांधायला जागा नाही, आणि काळोख आपला खुशाल गावात. वीरभद्रप्पा हरायचे, चरफडायचे, पुन्हा डाव मांडायचे आणि कधीतरी कसेबसे तरायचे. चादर घ्यायला आलेल्या एका बाईंना त्यांनी "थांबा हो, काळोख यायलाय" म्हणून ताटकळत ठेवलं. दुकानदाराला म्हातारचळ लागला अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली.

पण गोष्ट! काय ती गोष्ट! पहिल्या भागात त्यांना वाटलं, काळोख म्हणजे दुष्ट. दुसऱ्या भागात कळलं, तीही माणसंच. त्यांचं तळं आटलं, गाव उठलं आणि फिरता फिरता ती स्वतःची नावं विसरली. तिसऱ्या भागात गावची म्होरकीण त्यांना नावं शोधून द्यायला वाटेवर निघाली आणि परतली ती त्यांच्याच झुंडीतून, काळी होऊन. तिला आपल्याच बुरुजांनी अडवायचं होतं. वीरभद्रप्पांनी मोबाइल पालथा ठेवला आणि डोळे पुसले. "हे माझ्या काव्यानं लिहिलंय?" ते परत परत विचारत होते. नाकातला शेंबूड पुसायला ज्या पोरीला पदर लागायचा, तिच्या डोक्यात एवढं मोठं जग कुठून आलं, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

चौथ्या भागाचा शेवट आला तेव्हा अक्षता शेजारीच होती. "आता बुरूज ढासळतील आणि गाव पळून जाईल," ती म्हणाली. "माझं तसंच झालेलं."

बुरूज ढासळले नाहीत. पहिल्या भागापासून बांधलेला एकेक बुरूज पडद्यावर उभा राहिला, कमानीतल्या पणत्या मोठ्या झाल्या आणि दगड काचेसारखे आरपार दिसू लागले. प्रत्येक बुरुजात एक माणूस बसलेला होता. मांडी घातलेली, कपाळाला भस्म, डावा तळहात छातीशी. वाटेवरचा काळोख थबकला. मग बुरुजातली माणसं त्या झुंडीतल्या एकेकाला, म्होरकिणीलाही, नावाने हाक मारू लागली आणि ज्याला हाक येई, तो तिथेच खाली बसे.

अक्षता पडद्यावर वाकली. "आतलं माणूस दिसतं असं ऐकलेलं मी. पण एकही बुरूज न विकता चार भाग कोण खेळतंय, दोड्डप्पा?"

वीरभद्रप्पांनी ती बसण्याची रीत ओळखली. लिंगायत माणसाला काय सांगायला पाहिजे? आपल्यात मेलेल्याला आडवं करत नाहीत. मांडी घालून, डाव्या हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन, बसवून माती देतात. त्यांनी स्वतःच्या वडिलांना, काव्याच्या अज्जांना, तसंच बसवलं होतं.

भोगीला काव्या आली. पानात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. सगळे जेवत होते आणि गंगम्मा नवऱ्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

"काव्या," वीरभद्रप्पा एकदाचे म्हणाले, "म्होरकीणबाईला शेवटी तिचं नाव मिळालं गं. मला लई बरं वाटलं."

काव्याचा घास हातातच राहिला. "अप्पा, तुम्ही खेळलात? पण तो शेवट तर बुरूज विकले नाहीत तरच…"

"गद्दुगी विकतात व्हय?" ते म्हणाले. "मी त्या दिवशी चारचौघांत तुला नको ते बोललो. चुकलं माझं. तू लई मोठं काम करायलीस. पण मला एक सांग, मेलेलं माणूस बसून राखण करतंय, हे तुला सुचलं कुठून?"

"तुम्हीच सांगितलंत की."

"मी? कधी?"

"अज्जांना माती दिली तेव्हा. मी रडत होते, अज्जांना झोपू द्या, बसून बसून ते दमतील म्हणून. तुम्ही मला कडेवर घेतलंत आणि म्हणालात, अज्जा दमत नाहीत. ते आता बसून आपली राखण करणार."

वीरभद्रप्पांना यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. रडणारं पोर गप्प करायला काहीबाही बोलले असतील आणि तिथेच विसरले असतील. पोरीने मात्र त्या एका बोलण्यावर गावंच्या गावं वसवली होती. आपण टाकून दिलेला शब्द एवढा मोठा होऊन घरी परत येतो, हे त्यांना या वयात कळत होतं.

"पाचव्यात काय होतंय ते सांगू का, अप्पा?" काव्याने डोळे पुसत विचारलं.

"आजिबात न्हाय," वीरभद्रप्पा म्हणाले. "मी खेळून बघतो. तू फक्त जवळ बस."