मोठीचे बूट

मित्रांनो, ज्यांची हनुवटी पोडियमच्या वर येत नाही, ते मला चांगले ओळखतात. शाळेच्या सभागृहात त्यांच्या पायाखाली असायचा तो जुना लाकडी ठोकळा म्हणजे मी. मोडक्या बाकाच्या फळ्या जोडून सुतारानं मला बनवलं, तेव्हा माझा एक कोपरा तिरका राहिला. पोरांच्या वजनानं बसेल आपोआप, असं सांगून तो गेला. तो कोपरा काही आजवर बसलेला नाही. वर कुणाचा पाय थरथरला की मी कुरकुरतो.

भाषण शिकवणाऱ्या बाईंना माझी कुरकुर उपयोगी पडायची. मी वाजलो की त्या ओळखायच्या, पोरगं घाबरलंय. आधी दोन्ही टाचा टेकव, मग तोंड उघड, असं त्या प्रत्येकाला सांगायच्या. तुम्ही वक्त्याच्या तोंडाकडे बघता, मी पाय बघतो. मनापासून न बोलणाऱ्याची बोटं बुटात आखडतात. माझ्यापुढे थापा चालत नाहीत.

सगळ्यांत लाडके पाय मोठीचे. सातवीतली मुलगी. नेमका मुद्दा सापडला की डाव्या टाचेनं दोनदा ठोकायची, टक टक. ‘जुनं ते जपावं’ या विषयावर ती स्पर्धेत बाजूनं बोलली. ढाल तिलाच मिळाली. मग सुट्टीत ताप आला आणि ती गेली. मला ते कळलं, कारण बाई एकट्याच सभागृहात आल्या आणि माझ्यावर बसून खूप रडल्या.

त्यानंतर भर दुपारी, कुणी नसताना, माझ्या डाव्या फळीवर टक टक व्हायचं. उन्हानं लाकूड वाजतं, असं शिपाई म्हणायचा. असेल बुवा. पण मग त्यानं सभागृह एकट्यानं झाडायचं का सोडलं?

काही वर्षं गेली. एके दिवशी सरावाला तेच बूट माझ्यावर चढले. तीच झिजलेली डावी टाच. तेच टक टक. माझ्या फळ्या शहारल्या, आली म्हटलं परत! पण वजन हलकं होतं, आणि बुटाच्या टोकात बोटांऐवजी कापूस होता.

ती मोठीची धाकटी बहीण होती. मोठीचं भाषण तिला जसंच्या तसं येत होतं, थांबे आणि टाचेसकट. रोज संध्याकाळी आई तिच्याकडून ते म्हणवून घ्यायची आणि डोळे मिटून ऐकायची. बाई छान म्हणाल्या, पण बुटांकडे बघत. धाकटीनं त्यांना हळूच सांगितलं, की ते भाषण चालू असतं तेवढाच वेळ आई तिच्याजवळ बसते.

स्पर्धेला विषय तोच निघाला. बाजू मात्र चिठ्ठीवर ठरायची, आणि धाकटीला विरोधाची चिठ्ठी आली. आई बाईंकडे गेली, बाजू बदलून द्या म्हणाली. बाईंनी नकाराची मान हलवली. चिठ्ठी निघाली ती निघाली.

धाकटी चढली. आई पहिल्या रांगेत डोळे मिटून बसली होती. माझी कुरकुर थांबेना. तेवढ्यात डाव्या फळीवर टक टक झालं. शपथेवर सांगतो मित्रांनो, पोरीनं पाय उचलला नव्हता.

ती खाली उतरली. तिनं बूट काढले, माझ्याशेजारी नीट ठेवले आणि अनवाणी पुन्हा चढली. पाय गार पडले होते, टाचा सोललेल्या होत्या. दोन्ही टाचा तिनं टेकवल्या आणि मी गप्प झालो.

"माझ्या आधी या विषयावर माझी ताई बोलली होती," ती म्हणाली. "तिचा मुद्दा मला मान्य नाही. ताई, तुझे बूट मला मोठे होतात. मी पडते. मी पडले की आई आधी बूट पुसते."

पुढचं तिला सुचलं नाही. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. आई उठून मंचावर आली, खाली बसली, बुटांकडे हात नेला. मग तो हात धाकटीच्या टाचेवर गेला.

"हे कधी सोललं गं?" आईनं विचारलं.

ढाल दुसऱ्याच कुणाला मिळाली. धाकटी आईचा हात धरून अनवाणीच घरी गेली. बूट मागे राहिले, ते न्यायला कुणी आलं नाही.

आता सभागृहात नवं पोडियम आहे, आणि मी बुटांसोबत अडगळीच्या खोलीत असतो. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं काय, लाकूडच ते. पण कुणा लहानग्याला भाषणाला उभं कराल, तेव्हा एकदा वाकून त्याचे पाय बघा. इथं दुपारी अजून कधीतरी टक टक होतं. मला आता भीती वाटत नाही. मोठीला धाकटीचा मुद्दा पटला असेल.