प्लॉट सत्तावीसचा अकरावा सामना

“किती राहिली, साहेब?” मुनीरने धावता धावताच ओरडून विचारलं.

“दोन मिनिटं अकरा सेकंद!” हेमचंद्र राऊळ घड्याळावरची नजर न हलवता म्हणाले.

स्कोर दोन-दोन. ड्रॅगन मार्टच्या हमालांचा संघ घामाघूम झाला होता आणि आपल्या राष्ट्रीय संघाने चक्क दोन गोल केले होते. त्यातला एक समोरच्यांनीच स्वतःवर करून घेतला होता, पण गोल तो गोल! जिंकायचं तर आजच; रविवारी नवी कंपनी ताबा घेणार होती आणि देश खलास होणार होता.

देश म्हणजे आखातातल्या इंटरनॅशनल सिटी वसाहतीच्या पलीकडचा प्लॉट नंबर सत्तावीस. २००८ साली बाजार कोसळला आणि इथल्या टॉवरचं काम सहाव्या मजल्यावर थांबलं. सातशे माणसं घरी गेली, राखणीला चौदा उरली. कामगारांच्या हजेरीच्या वेळा लिहिणारे टाइमकीपर राऊळ त्यातले एक. बसून बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा चिपळूणच्या मुनीरने कुठेतरी वाचलं, की एका माणसाने आपल्या शेताचाच देश जाहीर केला आणि त्याचा फुटबॉल संघही काढला. “मग आपणच काय घोडं मारलंय?” तो म्हणाला. झालं! पत्र्याच्या कुंपणाआड प्रजासत्ताक स्थापन झालं. हिरव्या जाळीचा झेंडा लागला. वयाने मोठे म्हणून राऊळ राष्ट्राध्यक्ष, आणि शिट्टी त्यांच्याकडेच होती म्हणून पंचही तेच.

आता राष्ट्राध्यक्षच पंच, हे कुठल्या देशात चालतं सांगा! पण समोरच्या कुणीही कधी हरकत घेतली नाही. कारण इतिहासच तसा होता. नऊ सामने, नऊ पराभव. पहिलाच शून्य-अकरा. पाचव्या सामन्याला समोरच्यांची बस तासभर आली नाही, तेव्हा सगळे नाचायलाच लागले, न खेळता जिंकलो म्हणून. राऊळ म्हणाले, “थांबा. त्यांनी फोन करून वेळ पाचची करून घेतली होती. मी हो म्हटलं होतं.” बस आली, सहा गोल करून गेली. त्या रात्री राष्ट्राध्यक्षांना कुणी चहासुद्धा विचारला नाही.

हा आजचा दहावा.

शेवटच्या काही सेकंदांत मुनीरने चेंडू घेतला. एकाला चकवलं, दुसरा आपला आपणच घसरून पडला. समोर मोकळा गोल! मुनीरने लाथ हाणली. चेंडू वाळूतून धापा टाकत निघाला. “जा रे बाबा, जा!” शटरिंगवाला तुकाराम घाडी दोन्ही हात जोडून ओरडत होता.

आणि शिट्टी वाजली.

चेंडू रेषा ओलांडून जाळीत गेला, पण शिट्टीनंतर.

“राऊळांनू! ह्यां काय केलांत?” तुकारामने डोक्यावर हात मारला. “वीतभर रवलो होतो ओ!”

“पन्नास मिनिटं झाली,” राऊळ म्हणाले. “चेंडू अलीकडे होता.”

समोरच्यांचा कप्तान मुश्ताक पुढे आला. भला माणूस. “अरे हबीबी, गोल दे दो ना! हम लोग कुछ नहीं बोलेगा.”

राऊळांना वाटलं, द्यावा. कोण विचारतंय? त्यांनाच तो गोल सगळ्यांपेक्षा जास्त हवा होता. पण समोर तुकाराम उभा होता.

“तुकाराम, तू एकदा सातला एक मिनिट उशिरा आला होतास. तुझा अर्ध्या तासाचा पगार कापला होता मी. आठवतं?”

“आठवतां तर! तुमची सात पिढ्यांची आठवण काढली होती मी!”

“मग आज आपल्यासाठी एक सेकंद कुठल्या तोंडाने देऊ?”

मुनीर मटकन वाळूत बसला. तुकारामने राऊळांकडे बघितलं, मग एकदम फिदीफिदी हसायला लागला.

“मगे तो माझो अर्धो तास आत्ता परत द्या. खेळूया! यल्ला!”

“फिर से?” मुश्ताकने आधी कमरेला हात लावला आणि मग बाह्या सरसावल्या.

गोलकीपर खैरुद्दीनच्या पोटरीत गोळा आला होता. त्याच्या जागी कोण? सगळ्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे पाहिलं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळा लिहिणाऱ्या राऊळांनी घड्याळ काढलं, शिट्टीबरोबर पँटच्या खिशात घातलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गोलात जाऊन उभे राहिले.

पहिल्या पाच मिनिटांत तीन गोल खाल्ले. चौथा पोटावर घेतला, कळवळले आणि पोरासारखे हसले. “अडवला रे! मी अडवला!” मुनीरने गोल केला, तुकारामने केला, मुश्ताकने केला. मग कुणी मोजायचंच सोडून दिलं. अर्धा तास कधीच उलटला होता. मशिदीतून बांग आली तसे सगळे थांबले, एकाच बाटलीतून पाणी प्यायले, आणि मुश्ताकची माणसं नमाजाला गेली.

रविवारी सकाळी फाटकाशी दोन बसेस उभ्या राहिल्या. एक अबू धाबीच्या अल रीम बेटावरच्या नव्या साइटला जाणारी, दुसरी विमानतळाची. राऊळांचा व्हिसा रद्द झाला होता; ते दुसरीत बसले. मुनीरने पहिलीच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“साहेब! परवा शेवटी शिट्टी वाजवलीच नाही की तुम्ही!”

राऊळांचा हात खिशात गेला. शिट्टी तिथेच होती. बस हलली. त्यांनी हात तसाच रिकामा बाहेर काढला आणि मुनीर दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिले.