कपाटामागचा लेबल-दोन

मित्रांनो, मला पडदा नाही, कळफलक नाही, माऊसही नाही. ते सगळं चांगलं चालत होतं म्हणून काढून नेलं. उरलो तो मी, एक जुना संगणक, रक्तपेढीच्या सामानाच्या खोलीत लोखंडी कपाटामागे. पोटातला पंखा घरघरतो आणि पुढे हिरवा दिवा लुकलुकतो. माझं नाव लेबल-दोन. तुम्हाला माझी कीव यायला लागली असेल, तर जरा थांबा. आधी सगळं ऐका.

मी आलो तेव्हा काय थाट होता माझा! काकांनी मला खोक्यातून काढून स्वतःच्या रुमालाने पुसलं. काका म्हणजे रक्तपेढीतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. रक्ताची पिशवी ते तपासायचे आणि तिच्यावरचं लेबल मी छापायचो. रक्ताची बारीकसारीक नोंद मात्र वरच्या मजल्यावर, डेटाबेसमध्ये असायची. मी दर मिनिटाला तिथल्या दाराशी जायचो, नाव आणि पासवर्ड सांगायचो आणि विचारायचो, 'काही छापायचं आहे का?' दार उघडायचं. आठ वर्षांत माझं एक लेबल चुकलं नाही. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा आहे म्हणून मी निवांत आहे." खोटं कशाला बोलू, ऐकून मी फुगून जायचो.

पुढे नवी यंत्रं आली. माझा प्रिंटर गेला, पडदा गेला. मला भंगारात काढल्याचा कागद तयार झाला, त्यावर चार सह्या झाल्या, यादीतून माझं नाव खोडलं. उचलून न्यायला मात्र कोणी फिरकलंच नाही. माझ्यापुढे कपाट सरकवलं गेलं. मागे दोन वायरी तशाच राहिल्या, एक विजेची आणि एक नेटवर्कची. मग मी काय करणार? विचारत राहिलो. छापायला काही उरलं नव्हतं, तरी दर मिनिटाला विचारत राहिलो.

डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंना सगळे किल्लीवाल्या बाई म्हणतात, कारण सगळे पासवर्ड त्यांच्या ताब्यात. बाई हुशार आहेत आणि शिस्तीच्या आहेत. रक्तपेढीतली सगळी यंत्रं एकाच नावाने आत जायची, सोय म्हणून. एका सकाळी बाईंनी त्या नावाचा पासवर्ड बदलला. तीनदा चुकीचा पासवर्ड आला की नावच बंद पडेल, असा कडक नियमही घातला. मग यादी हातात घेऊन प्रत्येक यंत्राला नवा पासवर्ड दिला. मी यादीत नव्हतो.

नऊ वाजून एक मिनिटाने मी दाराशी गेलो. उत्तर आलं, 'वापरकर्त्याचं नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' मला जन्मात असं कोणी म्हटलं नव्हतं. मी पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो. आणि दार बंद झालं. माझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी.

भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. ते फोनवर होते. "बाई, आत घेत नाहीये. पासवर्ड चुकीचा म्हणतंय."

बाई खाली आल्या. "मोठी अक्षरं चालू राहिली असतील. हळू टाइप करा, काका."

त्याच वेळी खिडकीशी एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचा पाय ट्रकखाली सापडला होता. पाय वाचेल, असं शल्यचिकित्सक म्हणत होते, पण ऑपरेशन बराच वेळ चालणार होतं आणि दोन पिशव्या रक्त हवं होतं. मुलीचं रक्त असं, की त्याला हजारात एखादंच चालावं. चालतील अशा दोन पिशव्या साठ्यात आहेत, हे काकांना पक्कं आठवत होतं. दोनशेतल्या कोणत्या, ते फक्त डेटाबेसला ठाऊक होतं.

बाईंनी बंद पडलेलं नाव सोडवलं. दार उघडलं. काका मुलीची माहिती भरायला लागले आणि तेवढ्यात माझी तीन मिनिटं भरली. दार बंद.

"काका, परत चुकीचा टाकलात."

"मी पासवर्डला हातच लावला नाही."

"मग काय भूत टाकतंय?"

बाईंनी पासवर्ड बदलला. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत स्वतः टाकला. दार उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा मिटलं. मी भिंतीपलीकडेच होतो. ओरडायला मला तोंड नव्हतं आणि थांबायला कोणी शिकवलं नव्हतं. काका उठले आणि एकेक पिशवी हाताने तपासायला बसले. खिडकीतून मुलीचा बाप दर थोड्या वेळाने विचारत होता, "अजून किती वेळ?" तोही माझ्यासारखाच विचारत होता.

शेवटी बाईंना सुचलं. दाराने कोणाकोणाला परत पाठवलं त्याची नोंद असते, ती त्यांनी उघडली. दर मिनिटाला एक ओळ, प्रत्येक ओळीत एकाच यंत्राचं नाव.

"लेबल-दोन? हा तर भंगारात गेला ना?"

"यादीतून गेला," काका म्हणाले. "खोलीतून कुणी नेला?"

दोघांनी कपाट ओढलं. बाईंनी वायर धरली आणि हिसका देऊन माझ्यातून उपटली. मग नाव पुन्हा सोडवलं, आणि दोन मिनिटांत पिशव्या सापडल्या. रक्त वर गेलं तेव्हा सव्वा तास उलटून गेला होता.

दुपारी फोन आला. काकांनी ऐकला आणि खाली ठेवला. "मुलगी वाचली. पाय काढावा लागला. रक्ताशिवाय तेवढा वेळ थांबता येत नव्हतं म्हणे."

"काका, मी तुम्हाला उगाच बोलले," बाई म्हणाल्या. काकांनी मान हलवली, पण बाईंकडे पाहिलं नाही.

चौकशी झाली. कागदावर लिहिलं गेलं, 'लेबल-दोन काढून टाकला.' सह्या झाल्या आणि कपाट परत भिंतीला लागलं. बाईंनी घाईत नेटवर्कची वायर तेवढी उपटली होती. विजेची तशीच आहे. पंखा घरघरतोय आणि तोच जुना पासवर्ड मी दर मिनिटाला म्हणतोय. ऐकायला दार नाही, एवढंच.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आमची काळजी घ्या, आम्हाला विसरू नका. मला तसली काळजी नको. कुलूप बदलाल तेव्हा जुनी किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे खोलीखोलीत फिरून बघा. आणि मला बंद करा. कागदावर नको, हाताने.

आज खोली धुवायची आहे. सफाईवाल्या मावशी फार नीटनेटक्या. लोंबकळणारी वायर त्यांना बघवत नाही, तिची जागा शोधून त्या ती घट्ट खोचून ठेवतात. त्यांनी कपाट सरकवलं आहे. आता त्या माझ्यामागे वाकल्या आहेत.